खाजणातलं मैदान

हिलरी तुस्कानो बहरीनहून दोन महिन्यांच्या रजेवर आला आणि तिसऱ्याच दिवशी विरारला रमेशच्या फ्लॅटवर हजर झाला. २००२ सालचा जानेवारी होता. दार रमेशनंच उघडलं. समोर उंच, सावळा, कानशिलांवर पांढरा झालेला माणूस उभा होता, हातात खजुराचा डबा.

"दिपी आहे का?" त्यानं विचारलं.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. बायकोला दिपी म्हणणारा माणूस रमेशनं तोवर पाहिला नव्हता. तो काही बोलायच्या आत दिपिका शिवणयंत्रावरून उठून आली, गळ्यात टेप तशीच लोंबत होती. दाराशी आली आणि थबकली. मग म्हणाली, "मेल्या, किती म्हातारा झालास!"

दोघं हसू लागले आणि हसता हसता दिपिकाचे डोळे भरून आले.

दिपिका मूळची वसईच्या पूर्वेकडल्या खाडीकाठची. तिच्या गावाला लागून मैलभर खाजण होतं. खाडीचं खारं पाणी मातीच्या बांधानं अडवून केलेली भातजमीन. भात कापलं की ती जमीन पावसापर्यंत मोकळी पडायची, आणि त्यातल्या तिच्या वडिलांच्या मोठ्या खाचरात गावातली मुलं क्रिकेट खेळायची. संघ उभा केला होता तिच्या थोरल्या भावानं, धनेशनं. हिलरी सांडोरचा, धनेशच्या वर्गातला. तो शाळा सुटली की सायकल हाणत खाजणात यायचा आणि अंधार पडल्यावर परतायचा.

धनेश एकोणिसाव्या वर्षी गेला, एवढं रमेशला ठाऊक होतं. सासुरवाडीला भिंतीवर फोटो होता. लग्न ठरलं तेव्हा कुणीतरी "हृदयाचं काहीतरी होतं" म्हणालं होतं. दिपिकानं त्यावर कधी एक अक्षर काढलं नव्हतं. सुरुवातीला रमेशनं दोनदा विचारलं, तिनं दोन्ही वेळा उठून गॅस बंद केला होता. मग त्यानं विचारणं सोडलं. काही माणसं दुःख बोलत नाहीत, आपली बायको त्यातली, अशी त्यानं समजूत करून घेतली होती.

ती समजूत त्या संध्याकाळी मोडली. दिपिका बोलत होती. धनेश डाव्या हातानं कसा फेकायचा, हरला की जेवायचा कसा नाही, तिला यष्टीमागे उभं करून बाबांपासून कसं लपवायचा. हिलरी एक आठवण काढायचा, ती दुसरी. आणि ती बोलत होती तिच्या गावच्या बोलीत. रमेशशी ती पाणी म्हणायची, आता पानी म्हणत होती. हिलरीच्या घरची बोली वेगळी, पण खाजणात खेळून खेळून त्यानं ही उचलली होती. रमेश कणकवलीकडचा. त्याला शब्द कळत होते, पण कुठे हसायचं ते मागाहून कळत होतं. तो दोनदा उशिरा हसला आणि मग गप्प बसला.

निघताना हिलरी म्हणाला, "जायच्या आधी मला ते मैदान बघायचंय, दिपी. त्याच्या नावानं एक मॅच खेळू. मोकळी असेल जागा तर तिथंच."

"बाबा म्हणतात, बांध फुटून पाणी शिरलं, मग विकलं. भराव टाकून गोडाऊनं बांधली वर."

"तरी कुठल्या गोडाऊनखाली आहे ते तरी कळू दे."

रमेशला संशय आला असता तर सोपं झालं असतं. संशयाचं काय करायचं ते माणसाला कळतं. भांडता येतं, बंदी घालता येते. पण इथं संशयाला जागाच नव्हती. हिलरीची बायकामुलं बहरीनला होती, तो दिपिकाला धाकट्या बहिणीसारखं दटावायचा, आणि तीही सगळं रमेशला सांगून करायची. "रविवारी आम्ही खाजणाकडे जातोय, तुम्हीही चला ना," ती म्हणायची. तक्रार करायची तर कशाची? माझी बायको तिच्या मेलेल्या भावासाठी दुसऱ्याजवळ रडते, याची?

पहिल्या रविवारी तो गेलाही. खाजण आता खाजण राहिलं नव्हतं. नवा रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याची गोदामं, मध्ये कंटेनर, भंगार, डबकी. बांधावरून जायची जुनी वाट कुठल्या कुठे गेली होती. हिलरी आणि दिपिका हात पसरून दिशा लावत होते. देवळाचा कळस असा दिसायचा, मग डोंगर तिकडे हवा. पण मध्ये गोदामं आल्यानं कळसही दिसत नव्हता. गावातल्या एका म्हाताऱ्यानं एक जागा दाखवली, पानटपरीवाल्यानं दुसरी. हिलरी आणि दिपिका या कंपाऊंडमधून त्या कंपाऊंडमध्ये फिरत होते आणि रमेश मोटारसायकलजवळ उभा होता.

"तुम्हाला कंटाळा आला का?" दिपिकानं लांबून विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या रविवारी तो आला नाही. घरी बसून ती येईपर्यंत दर थोड्या वेळानं गॅलरीत जात राहिला. ती आली ती चिखलानं भरलेली, चेहरा उन्हानं लाल, आणि खूश. जागा सापडली नव्हती, तरी खूश.

"मग कसली एवढी खुशी?" तो म्हणाला.

"किती गोष्टी आठवल्या!"

"मलाही सांग की."

दिपिकानं त्याच्याकडे पाहिलं, सांगायला तोंड उघडलं, आणि मग म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं हो. तुम्ही बघितलाच नाही त्याला."

ती हे वाईट मनानं बोलली नव्हती. पण रमेशच्या मनात ते रुतून बसलं. तो वालीवला एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायचा. दिवसभर नट-बोल्ट मोजून देताना त्याच्या डोक्यात तेच चालायचं. आपण हिच्याबरोबर नऊ वर्षं राहिलो. हिचा ताप, हिचं वाया गेलेलं बाळंतपण, सगळं आपण पाहिलं. आणि हिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट एका रजेवर आलेल्या माणसाच्या मालकीची.

त्यावर त्याला एकच उपाय दिसला. शोध चालू आहे तोवर रविवार चालू आहेत. जागा सापडली की संपलं. तेव्हा जागा आपणच शोधायची.

शनिवारी कारखान्याला सुट्टी होती. तो सकाळीच सासुरवाडीला गेला, एकटा. सासरे जयराम भोईर घरामागच्या वालाच्या वाफ्यात बसून शेंगा खुडत होते. सत्तरीचा, कमी बोलणारा माणूस. सासूबाईंनी चहा आणून दिला, एकटेच कसे आलात म्हणून विचारलं, आणि त्या मासळी आणायला बाजारात निघून गेल्या.

रमेश वाफ्याच्या कडेला उकिडवा बसला.

"बाबा, ते मैदान नेमकं कुठं होतं, मला सांगाल?"

"सांगितलं की पोरीला. गोडाऊनं हायत तिथं."

"कुठल्या गोडाऊनजवळ? ते दोघं रविवार-रविवार हिंडतायत. एकदा नक्की जागा कळली की हे सगळं संपेल."

जयरामांनी शेंगा खुडणं थांबवलं. "ते संपावं असं तुमाना का वाटतं, जावय?"

खोटं बोलायचं रमेशच्या मनात होतं. दिपिकाची दगदग होते, घराकडे दुर्लक्ष होतं, असलं काहीतरी. पण म्हाताऱ्याची नजर त्याच्यावर होती.

"मला ते बघवत नाही," तो म्हणाला. "दोघं बोलतात, हसतात. माझ्याशी ती धनेशबद्दल कधी बोलली नाही. मला हेवा वाटतो. बोलायला लाज वाटते, पण वाटतो."

जयरामांनी हातातल्या शेंगा टोपलीत टाकल्या. मग त्यांनी टोपली बाजूला सरकवली.

"मना पन बघवत नव्हतं," ते म्हणाले.

रमेशला कळेना, कशाबद्दल.

"तो खेलता खेलता पडला. पोरांनी हातगाडीवर घालून आनला. मी म्हटलं, ऊन लागलं असेल, पानी मारा तोंडावर. पानी मारत बसलो. तो केवाच गेला होता." ते थांबले. "तेराव्यानंतर थोडे दिवस गेले. एकदा दुपारचा पडलो होतो. खाजनाकडून आवाज आला. बॅटीचा. मग पोरांचा वरडा. परत खेलायला लागली होती. त्याच जागेवर."

"मुलंच ती, बाबा."

"मुलंच. त्यांचं काय चुकलं? हिलरीनं सांगितलं होतं म्हने त्यांना, धनेशसाठी खेलू. पन मना वाटलं, माझा गेला आनि यांची बॅट चालूच. ह्यांच्या आया ह्यांना संध्याकाली जेवायला हाका मारनार. हा हिलरी सायकलवरनं घरी जानार. रोज तो आवाज ऐकायचो आनि रोज वाटायचं, हा का? हा का नाय पडला?"

त्यांनी हे हळू आवाजात सांगितलं, जणू कुणा दुसऱ्याबद्दल.

"मग उधानाची भरती आली. पहाटे फावडा घेऊन गेलो आनि बांध फोडला. पानी सोडायचं दार असतं ना बांधात, उघाडी, तिच्या बाजूला, जिथं बांध कच्चा होता तिथं. पानी आत शिरलं. लोकांना वाटलं, उधानानं फुटला."

"आणि बाकीच्यांची शेतं?"

"गेली. चार घरांची गेली माझ्याबरोबर. मीठ बसलं जमिनीत. परत बांध घालायला कोनाकडे ताकद नव्हती. कुनाला बोललो नाय आजपर्यंत. हिला पन नाय." त्यांनी घराकडे मान वळवली. "पोरगी इथं राहून रडत होती, तिला मामाकडे भिवंडीला धाडली. ती परत आली तवा सगलं पानीच होतं."

रमेशनं थंड झालेला चहा वाफ्याच्या कडेला ओतला. शेवटी त्यानं विचारलं, "मग विकलं ते?"

"विकलं ते रस्त्याकडचं. मैदान नाय विकलं. ते अजून आपलंच हाय. उघाडीच्या पलीकडे तिवरांचं रान झालंय ना, तेच. पोरं कोरड्या जमिनीत शोधतायत, त्यांना कसं सापडनार?"

"मला का सांगितलंत?"

"तुमी त्याला बघितला नाय म्हनून," जयराम म्हणाले. "ज्यांनी बघितला त्यांच्यासमोर माझं तोंड उघडत नाय."

घरी परतताना रमेश मुद्दाम खाडीकडे वळला. ओहोटी होती. उघाडीची तुटकी दगडी भिंत त्याला सापडली, आणि तिच्या पलीकडे पुरुषभर उंचीची तिवरं, दाट, चिखलातून वर आलेली मुळं, खेकड्यांची बिळं. इथं कुणी कधी धावलं असेल असं वाटतच नव्हतं. त्याला धनेशचं वाईट वाटायला हवं होतं, म्हाताऱ्याचंही. वाटलंही. पण त्याच्या वर आणखी एक गोष्ट तरंगत होती, आणि तो आनंद होता. आता हे फक्त माझ्याकडे आहे. हिलरीकडे नाही.

त्यानं घरी काही सांगितलं नाही. आधी मनाशी म्हणाला, सासऱ्यांची परवानगी विचारायला हवी. मग म्हणाला, योग्य वेळ यायला हवी. खरं म्हणजे त्याला मजा येऊ लागली होती. रविवारी हिलरी यायचा, नकाशासारखं काहीतरी कागदावर काढायचा, "या भंगारवाल्याच्या मागं असणार बघ" म्हणायचा, आणि रमेश शांतपणे म्हणायचा, "असेलही." तो आता त्यांच्याबरोबर जायलाही लागला. चुकीच्या जागी त्यांना हात पसरताना बघायला त्याला बरं वाटायचं. एकदा तर हिलरीनं एका गोदामाच्या वॉचमनला पटवून आतली फरशी पाहिली आणि तिथंच डोळे मिटून क्रुसाची खूण केली. दिपिकानं हात जोडले. रमेशनंही जोडले. त्या दिवशी मात्र त्याला जेवण गेलं नाही.

हिलरीच्या जायला थोडेच दिवस उरले, तेव्हा दिपिका थकली. संध्याकाळी खिडकीशी बसून म्हणाली, "नाही सापडणार आता. जाऊ दे. निदान ते गोडाऊन धरून चालू. तिथंच असेल." आणि तिनं ओढणीनं डोळे पुसले.

रमेशला ते सहन झालं नाही. ती खोट्या जागेवर रडणार होती, जन्मभर, आणि खरी जागा आपल्या खिशात.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर चल," तो म्हणाला. "कुठं ते विचारू नको."

त्यानं तिला एकटीला नेलं. उघाडीच्या भिंतीवर उभं करून तिवरांकडे बोट दाखवलं. दिपिका आधी काही समजली नाही. मग तिनं वळून पाहिलं. इथून देवळाचा कळस दिसत होता, मधे एकही गोदाम नव्हतं, आणि डोंगर बरोबर त्याच्या खांद्याला होता. तिनं चपला काढल्या आणि ती भिंतीवर बसली.

"हे कसं कळलं तुम्हाला?"

"बाबांनी सांगितलं."

"हिलरीला बोलवा," ती म्हणाली. "लगेच बोलवा."

इतके आठवडे रमेश या एका क्षणाची वाट बघत होता. जागा त्यानं दाखवली होती. आणि तिच्या तोंडी पहिलं नाव हिलरीचं आलं.

"का?" तो म्हणाला. "मी आहे ना इथं?"

त्याच्या आवाजात असं काही होतं की ती चमकली. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "बाबांनी कधी सांगितलं?"

तो तिवरांकडे बघू लागला.

"कधी सांगितलं, रमेश?" ती त्याला नावानं हाक मारत नसे.

"तीन आठवडे झाले."

"आणि तुम्ही आमच्याबरोबर हिंडत होतात. त्या गोडाऊनमध्ये हात जोडलेत."

"हो."

ती उठली आणि त्याच्या अंगावरून बांधाकडे चालू लागली. रस्त्यावरच्या टेलिफोन बूथवर जाऊन तिनंच सांडोरला फोन लावला. मग ती वडिलांकडे गेली. रमेश उघाडीच्या भिंतीवर बसून राहिला. उठून जावंसं वाटत होतं, पण जायचं कुठे हे कळत नव्हतं.

तासाभरानं ती जयरामांना घेऊन आली. म्हातारा तिच्या मागून, थोडं अंतर ठेवून चालत होता. हिलरी त्यांच्यामागोमाग रिक्षातून उतरला आणि धावतच आला, पण दिपिकानं त्याला हातानं थांबवलं. "आधी बाबा मला काहीतरी सांगणार आहेत," ती म्हणाली. ते दोघं पुढे गेले. जयराम बोलत होते, दिपिका मान खाली घालून ऐकत होती. शब्द इथवर येत नव्हते. एका क्षणी ती ओरडली, "आणि बाकीच्यांची शेतं, बाबा?" आणि मग जयरामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

हिलरी रमेशच्या शेजारी उभा होता. "काय चाललंय?" त्यानं विचारलं. रमेशनं त्याला सांगितलं, सगळं, बांध फोडल्याचंही. सांगितलं नाही ते एकच, 'हा का नाय पडला'.

हिलरी तिवरांच्या दिशेनं दोन पावलं गेला. मग म्हणाला, "मी बहरीनहून दर खेपेला येतो तेव्हा काकांच्या पाया पडायला येतो. सतरा वर्षं. पोरासारखा येतो. मला कधी सांगितलं नाही त्यांनी." तो रमेशकडे वळला. "तुम्हाला सांगितलं. तुम्ही कोण?"

तो लगेच ओशाळला. "सॉरी हं. तसं म्हणायचं नव्हतं."

पण रमेशनं तो सूर ओळखला होता. इतके आठवडे तो सूर त्याच्या स्वतःच्या पोटात होता. मनात आलं, बघ, आता तुझी पाळी. तेवढ्यात त्याला दिसलं की हिलरी तोंड फिरवून बाहीनं डोळे पुसतोय, आणि ती मजा तिथंच विरून गेली.

"तुम्ही त्याचे सगळ्यात जवळचे होतात," रमेश म्हणाला. "म्हणून नाही सांगता आलं त्यांना."

हिलरीनं मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही.

सामना झाला तो सांडोरच्या शाळेच्या मैदानावर, हिलरी जायच्या आदल्या रविवारी. जुन्यातले सहा-सात जण आले, बाकी त्यांची पोरं. दिपिका यष्टीमागे उभी राहिली, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून. जयराम आले नाहीत. रमेश आला, पण त्याला कुणी खेळायला बोलावलं नाही आणि तोही पुढे झाला नाही. दिपिका त्याच्याशी घरातल्या कामापुरतं बोलत होती.

हिलरी गेल्यावरही पुष्कळ दिवस तसंच चाललं. तिनं बापाशी बोलणं टाकलं नाही, पण बांध फुटलेल्या चार घरांकडे तिनं स्वतः जाऊन यायचं ठरवलं, आणि एकेका घरी जयरामांना बरोबर नेलं. त्यातल्या दोन घरांनी बसायला पाट दिला, एकानं दार लावून घेतलं. चौथं घर गाव सोडून गेलं होतं. हे तिनं रमेशला सांगितलं, पण बातमी सांगावी तसं.

मे महिन्यात एकदा दुपारी तो जेवून आडवा झाला होता. ती मशीनवर परकर शिवत होती. मशीन थांबलं.

"तो पडला त्या दिवशी मी यष्टीमागे होते," ती म्हणाली.

रमेश उठून बसला.

"त्याच्या हातून चेंडू सुटला आणि तो वाकला, तर मला वाटलं नाटक करतोय. तो नेहमी करायचा. मी हसले. सगळ्यात आधी मी हसले." तिनं परकराची कड दोन्ही हातांनी सरळ केली. "हे हिलरीलाही ठाऊक नाही."

मग ती बोलत राहिली, संध्याकाळ होईपर्यंत. धनेशचं खाणं, त्याची चिडचिड, तिच्यासाठी त्यानं चोरून आणलेले कॅनव्हासचे बूट. रमेशनं एकदाही मधे तोंड घातलं नाही. त्याला वाटलं होतं की हे सगळं आपल्या वाट्याला आलं की पोटातली आग विझेल. पण तिच्या चेहऱ्यावर जे उजळलं होतं ते त्यानं आपल्यासाठी कधी पाहिलं नव्हतं, आणि आग एका माणसावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसली.

ती थांबली तेव्हा तो म्हणाला, "एक सांगू? रागावू नको. मला आता धनेशचा हेवा वाटतोय."

दिपिकानं त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं, ती उठून जाईल.

"वाटू दे," ती म्हणाली. "फार चांगला होता तो."

तिनं दिवा लावला, सुईत दोरा ओवला, आणि उरलेली शिवण घालायला घेतली.